सोडलेला गोल

"हात नको! पाय. आधी पाय!"

मागून कुणीतरी मोडक्यातोडक्या इंग्रजीत ओरडलं, तशी मी दचकून वळले. आमच्या यंत्रमागांच्या शेडच्या मागच्या दारात, नवे माग बसवायला इटलीहून आलेला फिटर उभा होता. कोपरापर्यंत ग्रीस माखलेलं, कानात खडखडाटापायी घातलेले कापसाचे बोळे अजून तसेच, हातात पाना. मी रोज संध्याकाळी शेडच्या त्या भिंतीवर बॉल मारायचे आणि परत येईल तो झेलायचे. इचलकरंजीत आमच्या घराला अंगण नव्हतं, मैदान लांब होतं. जे होतं ते ही भिंत.

त्यानं पाना उंबऱ्यावर ठेवला, हात पुसले न पुसल्यासारखे केले आणि बॉल मागितला. मी जोरात भिंतीवर मारून दाखवला. परत आलेला बॉल त्यानं असा घेतला की आवाजच झाला नाही. गडी आडदांड होता, पोट सुटलेलं होतं, पण बॉल यायच्या आधीच तो तिथं पोचलेला होता.

"हात सगळ्यांना असतात," तो म्हणाला. "हातांना तिथवर कोण नेतं? पाय."

त्याचं नाव रेन्झो तालपिनी. आमच्या शेडमधले कामगार त्याला रेंजूअण्णा म्हणायचे, मग मीही म्हणायला लागले. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुने माग काढून इटलीचे नवे घेतले होते, आणि गावात आणखी काही जणांनी घेतले होते, म्हणून कंपनीनं त्याला मोठ्या मुक्कामावर पाठवलं होतं. तो लॉजवर राहायचा आणि आमच्याकडे जेवायचा. आम्ही मगदूम, जैन. दिवस मावळायच्या आत आमची जेवणं होतात. पहिले काही दिवस त्याला ते फार जड गेलं. पण नंतर तोच आईला घड्याळ दाखवून म्हणायचा, "आई, सूर्य!" आणि आई हसत ताटं घ्यायची.

मी तेव्हा बारावी होऊन घरात बसले होते आणि कोल्हापूरला विजापुरे सरांच्या मुलींच्या संघात गोलकीपर होते. कोल्हापुरात फुटबॉलचं वेड काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. पेठेपेठेचे संघ, त्यांचे झेंडे, हरलेल्या पेठेत त्या दिवशी चूल पेटत नाही म्हणतात. पण ते पोरांचं. पोरींचा फुटबॉल तेव्हा नुकता उभा राहत होता, आणि मी आठवड्यातून तीनदा एस.टी.नं कोल्हापूरला जायचे म्हणून भावकीत बोलणी खावी लागायची आईला. आप्पा मात्र हो म्हणाले होते. हो म्हणजे काय, मानेनं. आप्पांचं सगळं मानेनं चालायचं.

रेंजूअण्णानं त्या भिंतीपुढं मला घडवलं. मोठा शब्द आहे, पण दुसरा नाही. आठवडाभर तर त्यानं मला बॉलला हातच लावू दिला नाही. नुसते पाय. डावीकडे सरक, उजवीकडे सरक, थांब. "गोलकीपर उडी मारतो तेव्हा लोक टाळ्या वाजवतात," तो म्हणायचा. "चांगल्या गोलकीपरला उडी मारावी लागत नाही. तो आधीच तिथं असतो."

त्याचं इंग्रजी निम्मं इटालियन होतं आणि उरलेल्यात क्रियापदं नव्हती. महिनाभरानं मला ते बरोबर कळायला लागलं, आणि त्या गावात फक्त मलाच. मागांची दुरुस्ती बघणाऱ्या जॉबरला काही सांगायचं असलं तरी तो मला हाक मारायचा.

तो स्वतःबद्दल बोलायचा नाही. उत्तर इटलीतल्या एका लहान गावच्या क्लबचा गोलकीपर होता, एवढंच. एकदा मी विचारलं, "मग सोडलंत का?"

"संपलं," तो म्हणाला आणि बॉल भिंतीवर मारला.

त्या वर्षी आमचा संघ आंतरजिल्हा स्पर्धेच्या फायनलला गेला. मी सगळ्या स्पर्धेत एकच गोल खाल्ला होता. राज्याच्या शिबिरासाठी माझं नाव पाठवायचं हे जवळपास ठरलं होतं. फायनल कोल्हापुरातच होती. रेंजूअण्णा आला, स्टँडमध्ये सगळ्यात वर बसला. आप्पांना शेड सोडून यायला जमलं नाही. त्यांना कधीच जमायचं नाही.

खेळ संपत आला होता आणि बरोबरी होती. त्यांच्या एका पोरीनं लांबून सरपटता बॉल मारला. साधा. आमची बॅक त्याच्यावर होती. ती घेईल असं मला वाटलं, मी घेईन असं तिला वाटलं. बॉल माझ्या दोन्ही पायांच्या मधून गेला.

हरलो.

पण खरं संकट ते नव्हतंच. ते चार दिवसांनी आलं. आमच्या संघातल्या एकीचे वडील होते, इंगवले म्हणून. त्यांची मुलगी राखीव गोलकीपर होती. तेव्हा मोठ्या पडद्याचे मोबाइल नवे नवे आले होते. त्यांनी कुठूनसं रेंजूअण्णाचं पूर्ण नाव मिळवलं आणि इंटरनेटवर शोधलं. त्याचा फोटो निघाला. गोलकीपरच्या पोशाखातला, बारीक, काळ्या केसांचा, पण तोच. शेजारी इटालियनमध्ये बातमी. त्यातलं एकही अक्षर कुणाला येत नव्हतं, पण मोबाइलनं ते कसंबसं इंग्रजीत करून दिलं. मॅच विकल्याचं प्रकरण. बरेच खेळाडू पकडलेले. तालपिनी, पाच वर्षं बंदी.

मग काय! दुपारपर्यंत कोल्हापूरभर झालं. मगदुमाच्या पोरीला कोण शिकवतंय बघा. फिक्सर! आणि तिनं फायनलला गोल कसा सोडला बघितलासा न्हवं?

विजापुरे सरांचा फोन आला. आवाज पडलेला. "सुलक्षणा, खाडेआबांनी तुझं नाव थांबवलंय. चौकशी करणार म्हणत्यात."

सर्जेराव खाडे निवड समितीचे प्रमुख होते. सत्तरीचा माणूस, पांढरी टोपी, एकेकाळचा नामांकित फॉरवर्ड. त्यांच्या शब्दापुढं कुणी जायचं नाही.

"पोरींच्या मॅचवर कोण सट्टा लावतंय सर?" मी रडत ओरडले. "आमाला बघायला येतंय कोण?"

"ते मला कळतंय गं. पण लोकांचं तोंड..."

फोन ठेवून मी तशीच शेडमध्ये धावले. रेंजूअण्णा मागाखाली उताणा झोपून काही आवळत होता. मी वाकून, मागांच्या त्या आवाजात, ओरडून विचारलं, "तुमच्यावर बंदी आली होती?"

तो बाहेर सरकला. उठून बसला. कानातले बोळे काढले.

"आली होती," तो म्हणाला.

"पण तुम्ही केलं नव्हतं. हो ना? तुम्हाला अडकवलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बोळे परत कानात घालून मागाखाली गेला.

मला त्याचा अर्थ लख्ख कळला, असं मला वाटलं. निरपराध माणूस किती वेळा तेच तेच सांगणार? थकला असेल. मी घरी सांगितलं, शेडमध्ये सांगितलं, संघातल्या पोरींना फोन करकरून सांगितलं, की अण्णाला अडकवलंय. मित्रानंच खोटी साक्ष दिली असणार. मी गोष्ट रचत गेले आणि रचता रचता ती मला खरी वाटायला लागली. आप्पा तर मान हलवून मोकळे झाले नाहीत, चक्क बोलले. इंगवल्यांना फोनवर म्हणाले, "माणूस माझ्या पंगतीला जेवतोय. मला कळत न्हाई व्हय माणूस कसला हाय ते?"

चौकशीला खाडेआबांनी मला, आप्पांना आणि रेंजूअण्णालाही बोलावलं. त्याला यायची काही सक्ती नव्हती. "जाऊ नका," मी म्हटलं. "मी सांगते त्यांना सगळं."

"काय सांगशील?"

"तुम्ही निर्दोष आहात म्हणून."

त्यानं लॉजवर जाऊन इस्त्रीचा शर्ट घातला आणि गाडीत येऊन बसला.

मैदानाच्या स्टँडखाली एक लांबट खोली होती. भिंतीवर जुन्या संघांचे फोटो, टेबलाच्या पलीकडे खाडेआबा आणि समितीचे तिघे, एका कडेला विजापुरे सर, दुसऱ्या कडेला इंगवले. दुपारची वेळ होती. बाहेर पोरं सराव करत होती आणि बॉलचे धपधप आवाज आत येत होते.

खाडेआबांनी आधी, इंगवल्यांनी फायनलला मोबाइलवर घेतलेला तो गोल सगळ्यांना दाखवला. मी बघितला नाही. आप्पांनी बघितला. त्यांनी माझा खेळ पहिल्यांदा बघितला तो असा.

"पावण्यांना काय म्हणायचंय, इचारा," आबा म्हणाले.

रेंजूअण्णा बोलायला लागला आणि दोन वाक्यांत सगळ्यांचे चेहरे कोरे झाले. समितीत एक प्राध्यापक होते, त्यांनी प्रयत्न केला आणि सोडून दिला. शेवटी विजापुरे सर म्हणाले, "आबा, ह्यांचं बोलणं ह्या पोरीलाच कळतंय. तिनं सांगू दे. मला निम्मंअर्धं समजतंय. मी ध्यान देतो."

"तिच्यावरच चौकशी आणि तिनंच सांगायचं?" इंगवले म्हणाले.

"मग तुम्ही सांगा," आबा म्हणाले, आणि इंगवले गुमान खाली बसले.

म्हणून मी उठून रेंजूअण्णाच्या शेजारी उभी राहिले. तो माझ्याकडे वळला आणि हळू म्हणाला, "जसं आहे तसं, सुलू. शब्दाला शब्द. सुंदर करू नकोस."

मी मान हलवली. मला वाटलं, आता हा सांगेल त्याच्यावर कसा अन्याय झाला ते.

तो म्हणाला, "मी गोल सोडला होता."

आबा वाट बघत होते. मी विजापुरे सरांकडे बघितलं. ते खाली बघत होते. तेवढं वाक्य त्यांनाही कळलं होतं. पण बाकी कुणाला नव्हतं. मी काहीही म्हणू शकले असते, आणि सर बोलले असते की नाही, कोण जाणे.

"सुलू," रेंजूअण्णा म्हणाला.

"ते म्हणतात," मी म्हटलं, "मी गोल सोडला होता."

आप्पांची मान सावकाश खाली गेली.

मग तो बोलत राहिला आणि मी त्याच्या मागून चालत राहिले, एक एक वाक्य. हंगामाची शेवटची मॅच होती. आमचं काही जाणार नव्हतं, काही मिळणार नव्हतं. बरोबर खेळणारा मित्र आला, म्हणाला, सगळे करतात, एकदाच. मी पैसे घेतले. बॉल सोपा होता. मी झेप घेतली, चांगली घेतली, फक्त थोडी उशिरा. माझे बाबा नेहमीच्या जागेवर बसले होते. मी सहा वर्षांचा असल्यापासून ते माझ्या प्रत्येक मॅचला येत. गोल झाल्यावर मी बॉलकडे बघितलं नाही. बाबांकडे बघितलं. ते उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला धीर द्यायला. असू दे, होतं असं, म्हणून.

इथं तो थांबला. मीही.

"पुढं," आबा म्हणाले. आवाज जरा खाली आला होता.

"पुढं सगळं बाहेर आलं. मित्रानं आमची नावं सांगितली. क्लबला सगळ्यात खालच्या पायरीवर टाकलं, मग तो बंदच झाला. लहान पोरांचे संघ पण गेले. मैदानात गवत वाढलं. गावात मला पाव देईनात. मी मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिलो, मी केलं नाही. बाबांनी विश्वास ठेवला. माझ्यासाठी ते गावाशी भांडले, लहानपणच्या मित्राशी बोलायचे बंद झाले. मी मेहुण्याच्या मागांच्या कारखान्यात लागलो, लांबलांबची कामं मागून घेतली. जितकं लांब तितकं बरं."

"हे तुमच्या तिकडल्या चौकशीत सांगितलंसा?" आबांनी विचारलं.

मी विचारलं. त्यानं मान हलवली. "नाही. आज पहिल्यांदा सांगतोय."

"मग हितं येऊन कशाला? ना ही तुमची पेठ, ना आम्ही तुमचे कोण."

रेंजूअण्णानं टेबलावरच्या मोबाइलकडे बोट केलं. "तो गोल परत लावा. मला बघू द्या."

इंगवल्यांनी नाखुशीनंच लावला. रेंजूअण्णा वाकला, सगळे वाकले. माझ्या पायांमधून बॉल जाण्याच्या जरा आधी त्यानं चित्र थांबवायला लावलं.

"हिचे पाय बघा," तो म्हणाला आणि मी सांगत गेले. "उजवा पुढं निघालाय. डावा मागं राहिलाय. पायांना दोन मनं झाली आहेत. जाऊ की थांबू? ही चूक आहे. वाईट चूक आहे. मी हिला शिकवलं होतं, आणि तरी हिनं केली. पण जो मुद्दाम सोडतो ना, त्याचे पाय एका मनाचे असतात. त्याला काय करायचंय ते आधीच ठरलेलं असतं. तो असा वेडावाकडा दिसत नाही. तो झेप घेतो. देखणी झेप. लोकांनी म्हणायला हवं ना, की बिचाऱ्यानं प्रयत्न केला."

त्यानं व्हिडिओ पुढं जाऊ दिला. पडद्यावरची मी धडपडत उठले, जाळ्यातून बॉल काढला आणि तो घेऊन मधल्या रेषेकडे पळत सुटले. खेळ लवकर सुरू व्हावा म्हणून. मला ते आठवतही नव्हतं.

"मी पळालो नव्हतो," तो म्हणाला. "मी बसून राहिलो होतो. मला घाई नव्हती."

मग तो सरळ उभा राहिला. आबांकडे बघून, पण माझ्यासाठी सावकाश बोलला. "तुम्ही विचारलंत, इथं येऊन कशाला. मी निर्दोष आहे असं मी म्हणालो असतो, तर हा गोल वाचायचा मला काय अधिकार होता? निर्दोष गोलकीपरला हे माहीत नसतं. मला माहीत आहे."

हे सांगताना माझा आवाज फुटला. मी सावरून पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, नीट. शब्दाला शब्द.

विजापुरे सर म्हणाले, "बरोबर सांगितलं पोरीनं. मी ऐकतोय."

खाडेआबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. एकेकाळी त्यांनीही असे कित्येक गोल घातले असतील आणि कित्येक गोलकीपरांचे पाय बघितले असतील. त्यांनी आणखी एकदा व्हिडिओ लावला. एकटेच बघत बसले. मग मोबाइल इंगवल्यांपुढं सरकवला.

"इंगवले, तुमची पोरगी चांगली हाय. पुढल्या साली तिचं बघू. ह्या पोरीनं चूक केलीय, चोरी न्हाई. नाव जाऊ दे." मग रेंजूअण्णाकडे वळले. "आणि पावणं, तुम्हाला ह्या मैदानात पाय ठेवायची परवानगी न्हाई. आमच्या कुठल्याच पोरापोरीला शिकवायची न्हाई. सांग त्यास्नी."

मी सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर आहे."

"पण," आबा उठता उठता म्हणाले, "गेटच्या बाहेर चहाचा गाडा हाय. तो काय आमच्या हद्दीत येत न्हाई. चला."

आणि खरंच, समितीचे दोघे निघून गेले तरी आबा त्याच्याबरोबर गाड्यापाशी उभे राहिले. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. मला कुणी बोलावलं नाही. दोघांनी उभ्या उभ्या चहा घेतला आणि आबांनी पायानं मातीत रेघ मारून काहीतरी दाखवलं, रेंजूअण्णानं दुसरी रेघ मारली.

मी आप्पांपाशी गाडीजवळ होते.

"आप्पा, मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "मी सगळ्यांस्नी सांगत सुटलो, अडकवलंय म्हणून. तुमी पण माझ्यामुळं..." आमच्याकडे पोरी पोरांसारखंच बोलतात, मी आलो, मी गेलो. रडताना तर हमखास.

"मी माणूस वळखला म्हणालो हुतो," आप्पा म्हणाले. "चुकलो न्हाई."

परत येताना गाडीत मी रेंजूअण्णाशी बोलले नाही. राग होता. शेवटी हातकणंगल्याच्या पुढं मला राहवलं नाही. "मला तरी आधी सांगायचं. मी वेड्यासारखी तुमची बाजू घेत होते."

"म्हणूनच सांगता येईना," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "तू भांडायचीस तेव्हा तू दिसायचीच नाहीस. बाबा दिसायचे."

शिबिराला मी गेले. राज्याच्या संघात आले, दोन हंगाम खेळले, नंतर गुडघ्यानं दगा दिला आणि शिकवायला लागले. आता कोल्हापुरात पोरींचे इतके संघ आहेत की सुट्टीत मैदान मिळत नाही. हे सगळं त्या खोलीतून निघालं. नाव थांबलं असतं तर आप्पांनी मान हलवली असती, आडवी, आणि भावकीनं स्थळं आणली असती. त्यात कुणाचा दोष नव्हता. तसंच चालायचं.

पण मला सांगायचंय ते त्याच्या शेवटच्या दिवसाचं.

शेडमधलं काम संपलं होतं. सगळे माग चालू होते. रेंजूअण्णाची बॅग दारात होती आणि आई त्याला डब्यात काय काय भरून देत होती. दुपारी दोनची गाडी होती. मी आदल्या दिवसापासून पाठ केलं होतं, आभार कसे मानायचे ते. इंग्रजीत, मोठी मोठी वाक्यं. त्याच्यापुढं उभी राहिले आणि सगळं विसरले.

"तुम्ही माझ्यासाठी..." एवढंच आलं.

"उलटं आहे," तो म्हणाला. "माझ्याकडं एक वाईट वस्तू होती. कुठंही गेलो तरी बरोबर यायची. कुणाच्याही कामाची नव्हती. त्या दिवशी तुझ्या कामाला आली." मग जरा थांबून म्हणाला, "मी बाबांना फोन केला."

"कधी?"

"काल. सांगितलं. तुमच्या त्या आबांना सांगितलं तसंच, त्याच क्रमानं. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सोपं जातं."

आप्पा शेडच्या दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी मला खुणेनं विचारलं, काय म्हणतोय. मी सांगितलं. आप्पा जवळ आले.

"मग? वडील काय बोलले?" त्यांनी विचारलं, थेट त्यालाच, मराठीत. त्याला ते कळलं.

रेन्झोनं बॅगेचा पट्टा हातात घेतला, परत सोडला.

"ते म्हणाले, मला त्याच दिवशी कळलं होतं. सहाव्या वर्षापासून तुझी झेप बघतोय, मला कळणार नाही?"

मी आप्पांना सांगितलं.

"मी विचारलं, मग टाळ्या का वाजवल्या? कळलं होतं तर टाळ्या का वाजवल्या?" त्यानं पुढचं वाक्य आधी इटालियनमध्येच म्हटलं, मग माझ्याकडे बघून इंग्रजी शब्द शोधले, सापडेनात, पुन्हा शोधले.

"म्हणाले, मॅच संपल्यावर तुला घरी यायचं होतं ना."

मी ते आप्पांना मराठीत सांगितलं. शब्दाला शब्द.

आप्पांनी त्याची बॅग उचलली आणि गाडीकडे चालायला लागले.